जाकीट शिवून मिळेल

उल्हासनगरला कॅम्प नंबर पाचात जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांची रांगच रांग आहे. तिथल्या एखाद्या मास्तरला फोटो दाखवला, तर कुत्र्याच्या मापाचं लाल जाकीट, पाठीवर ‘सर्व्हिस डॉग’ अशी भरतकामाची पट्टी, पोटाखाली दोन बकलं आणि वर धरायला एक मूठ, एवढं तो संध्याकाळपर्यंत तयार करून देईल. शंभर नग म्हटलं तर भावही पाडून देईल. अमेरिकेत असं जाकीट कुणीही घरबसल्या मागवतं, घरातल्या लाडक्या कुत्र्याला चढवतं आणि त्याला हॉटेलात, दुकानात घेऊन फिरतं. मग खरोखरीच्या सेवा-श्वानावर विसंबून असलेल्या अपंग माजी सैनिकाकडेही दारावरचा माणूस संशयानं बघतो, ही तिथली नेहमीची तक्रार. या सगळ्या प्रकरणात जाकीट सर्वांत स्वस्त. त्याच्या खालोखाल स्वस्त पिल्लू. खर्च होतो तो पिल्लाच्या अंगावर जाकीट चढेपर्यंत.

फौजेतला कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुरुंग हुंगणारा, माग काढणारा, अतिरेक्यावर झेप घेणारा कुत्रा येतो. इथे विषय वेगळ्या कुत्र्याचा आहे. हा एका माणसासाठी तयार केलेला असतो आणि तो माणूस फौजेतून परत आलेला असतो. पाय गेलेल्याला खाली पडलेली किल्ली उचलून देणं, दिव्याचं बटण दाबणं, फ्रिजच्या दाराला बांधलेला दोर ओढणं. दृष्टी गेलेल्याला रस्त्यातला उघडा मॅनहोल टाळून नेणं. आणि ज्याच्या अंगावर एकही वण नाही, पण जो रात्री दोन वाजता ओरडत उठतो, त्याला वेळेवर जागं करणं. हे तिसरं काम सर्वांत नवं, आणि शिकवायलाही सर्वांत किचकट.

ते कसं शिकवतात हे बघण्यासारखं आहे. आधी कुत्र्याला तळहाताला नाक लावायला शिकवतात. नाक लागलं की चुटकीसारखा आवाज करणारी डबी वाजवायची आणि उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा. तीन-चार दिवसांत तो हात दिसला की नाक आणून टेकवतो. मग ट्रेनर खाटेवर आडवा होतो, अंगावर चादर घेतो आणि चादरीखाली पाय झाडतो. कुत्रा गोंधळतो, हात तर दिसत नाही. चादरीतून बोटं जराशी बाहेर काढायची, नाक लागलं की कलेजी. पुढे बोटंही दाखवायची नाहीत, फक्त पाय झाडायचे. मग पाय झाडणं कमी करून श्वास जोरजोरात घ्यायचा, कण्हायचं. मग खोलीत अंधार करायचा. मग कुत्रा दुसऱ्या खोलीत झोपलेला असताना हेच करायचं. नाक लावूनही माणूस उठला नाही तर पुढचा पंजा छातीवर ठेवायचा, तरी नाही उठला तर चेहरा चाटायचा. या एका कामासाठी रोज थोडं थोडं करत काही महिने जातात. एवढं करून नाटकी कण्हणं आणि खरं कण्हणं यांतला फरक कुत्र्याला कळतो, म्हणून शेवटी तो त्या माणसाच्या घरीच, त्याच्याच झोपेवर पक्का करावा लागतो. कलेजी स्वस्त आहे. ट्रेनरचे तास स्वस्त नाहीत.

कल्याणच्या पुढचा हा पट्टा फौजेला नवखा नाही. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींमध्ये जागा दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवून गावाला आजचं नाव दिलं. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र पत्त्यातून गेला नाही. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, शेजारी नौदलासाठी काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. बदलापुरात फॅक्टरी नाही, पण परवडणारे फ्लॅट आहेत, आणि म्हणून कात्रप, मांजर्ली, बेलवलीच्या इमारतींमध्ये सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे निवृत्त फौजी भेटतात. पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन आलेले, मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईच्या जवळ राहायला आलेले, आणि बहुधा कुठेतरी सिक्युरिटीत लागलेले. त्यांतला एखादा कुणाशी बोलत नाही, फटाके वाजले की आतल्या खोलीत जाऊन बसतो, आणि शेजारी म्हणतात, ‘फौजी आहे, जरा तापट आहे.’ निदान तेवढ्यावरच थांबतं.

सेवा-श्वानाचा जन्मच सैनिकापायी झाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं आणि तोफगोळ्यांनी हजारो जर्मन सैनिक आंधळे झाले. डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग इथे अशा सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा काढली. सांगतात की, दवाखान्याच्या आवारात एका अंध रुग्णाबरोबर फिरत असताना डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं. आपला कुत्रा त्याच्यापाशी सोडून ते गेले, आणि परत येऊन पाहतात तर कुत्राच रुग्णाला सांभाळत होता. आख्यायिकेत थोडा मीठमसाला असेल, पण शाळा खरी होती. पुढे १९२३ मध्ये पोट्सडाममध्ये आणखी मोठी शाळा निघाली. तिथलं काम पाहून डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये एका साप्ताहिकात लेख लिहिला. तो लेख वाचून नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणानं त्यांना पत्र धाडलं, स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन आला, आणि १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली.

खर्चाच्या दृष्टीनं या संस्थेची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर घेतात. हा आकडा १९३०च्या दशकात ठरला आणि आजतागायत वाढलेला नाही. माजी सैनिकाकडून घेतात एक डॉलर. प्रत्यक्ष खर्च त्याच्या कित्येक पट, तो देणग्यांतून भागतो. मग एक डॉलर तरी कशाला? कुत्रा भिक्षेत मिळालेला नाही, आपण तो घेतला आहे, असं त्या माणसाला म्हणता यावं म्हणून. आपल्याकडे अपंगांना वस्तूवाटप करताना मांडव घालून, हार घालून, फोटो काढून व्हीलचेअर देतात, त्या सोहळ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेत आज एक सेवा-श्वान तयार करायला पंचवीस हजारांपासून पन्नास हजार डॉलरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त खर्च सांगतात. रुपयांत वीस-बावीस लाखांपासून चाळीस लाखांच्या वर. हा आकडा ऐकून इथला माणूस हसतो, आणि त्याचं हसणं चूक नाही. म्हणून तोच हिशेब मी इथल्या भावानं मांडून पाहिला. उल्हासनगर-बदलापूरच्या दुकानांतले आणि दवाखान्यांतले भाव अदमासे धरले आहेत. कुणाला त्यात हजार-दोन हजार इकडेतिकडे करायचे असतील तर करावेत, निष्कर्ष बदलणार नाही.

चांगल्या आईबापांचं, कंबरेचा दोष नसलेल्या घराण्यातलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू वीस हजारांना धरू. दोन महिन्यांचं पिल्लू घेतलं की पुढचं एक वर्ष ते एका घरात वाढणार, मग सहा महिने ट्रेनरकडे, मग एक महिना ज्याच्यासाठी तयार केलं त्या माणसाबरोबर. एकूण एकोणीस महिने. खाण्याला महिना सरासरी चार हजार म्हणजे शहात्तर हजार. (पाकीटबंद खाद्यावर १८ टक्के जीएसटी आहे. व्हीलचेअरवर ५ टक्के. सरकारच्या लेखी कुत्रा अजून चैनीत मोडतो.) लसी, जंताची औषधं, नसबंदी, कंबरेचा एक्स-रे आणि या पट्ट्यात न चुकणारा गोचीड-ताप मिळून तीस हजार. बदलापूरच्या हिरवळीचं कौतुक करणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर एकदा कुत्र्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात पाहावं. गोचीड चिकटलेली असते, आणि तिच्यापासून होणाऱ्या तापानं धडधाकट कुत्रा आठवड्यात आडवा होतो. ट्रेनरला महिना तीस हजार पगार आणि त्याच्या हाताखाली एका वेळी चार कुत्रे, म्हणजे एका कुत्र्यामागे सहा महिन्यांचे पंचेचाळीस हजार. शेवटचा एक महिना ट्रेनर पूर्ण त्याच जोडीला द्यावा लागतो. त्याचा पगार आणि येणंजाणं-राहणं धरून आणखी पंचेचाळीस. खोली, पट्टे, प्रवास, विमा यांचे चोवीस. बेरीज दोन लाख चाळीस हजार. दुचाकीच्या दोन किमती.

मग चाळीस लाख कुठून आले? अर्थात तिथले पगार, जागेची भाडी आणि डॉक्टरांची बिलं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, ते एक कारण झालंच. पण त्यातल्या दोन गोष्टी मी अजून मोजलेल्या नाहीत, आणि त्या कुठल्याही देशात मोजाव्याच लागतात. एक म्हणजे नापास होणारी पिल्लं. नामांकित संस्थांमध्येसुद्धा निम्म्याच्या आसपास पिल्लं शेवटपर्यंत पोचत नाहीत. एखादं मांजरीमागे धावतं, एखाद्याला जिन्याची भीती, एखाद्याच्या कंबरेत वर्षानंतर दोष निघतो, आणि एखादं इतकं प्रेमळ की मालकाला सोडून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर झेपावतं. पास झालेल्या कुत्र्याच्या अंगावर नापास झालेल्याचाही खर्च बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पहिलं वर्ष. ज्या घरात पिल्लू वाढतं, त्या घराचं वर्ष. परदेशात ही कामं बहुधा स्वयंसेवक कुटुंबं करतात, काही ठिकाणी तुरुंगातले कैदी करतात. न्यूयॉर्कमध्ये १९९७ पासून ‘पपीज बिहाइंड बार्स’ ही संस्था कैद्यांच्या हाती पिल्लं देते. कैद्याकडे वेळ असतो आणि पिल्लाला वेळच हवा असतो. (कल्याणच्या आधारवाडी जेलचा विचार मनात आला, पण तिथे माणसांनाच झोपायला जागा पुरत नाही.) बदलापूरच्या वन-बीएचकेत हे वर्ष कसं जाईल? पिल्लानं कुकरची शिट्टी ऐकली पाहिजे, मिक्सर ऐकला पाहिजे, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांबरोबर गप्प उभं राहिलं पाहिजे, गांधी चौकातल्या गर्दीतून चाललं पाहिजे, गणपतीत ढोलताशाच्या शेजारी बसलं पाहिजे. आणि त्यानं एक दिवाळी पाहिलेली असली पाहिजे. सुतळी बॉम्बनं पलंगाखाली शिरणारा कुत्रा सुतळी बॉम्बनं हादरणाऱ्या माणसाच्या काय कामाचा! याला रोजचे तीन तास धरले तर वर्षाचे एक हजार पंच्याण्णव तास होतात. आपल्याकडच्या घरकामाच्या ऐंशी रुपये तासाच्या हिशेबानं सत्त्याऐंशी हजार सहाशे. दोन लाख चाळीसचे सव्वातीन लाख झाले. नापास पिल्लाचे दोन लाख त्यात घाला, सव्वापाच लाख.

इथवर फक्त कुत्रा दारात आला. पुढे आठ वर्षं तो काम करील. वर्षाला सत्तर हजार खाणं आणि दवाखाना धरला तर साडेपाच लाखांच्या वर. सगळं मिळून जवळजवळ अकरा लाख, आणि नवव्या-दहाव्या वर्षी तो दमला की परत पहिल्यापासून.

अकरा लाखांत तर माणूस ठेवता येईल, असं कुणीही म्हणेल. ठेवता येतो का, ते पाहू. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या आणि सतत मदतनिसाची गरज असलेल्या माजी सैनिकाला पेन्शनबरोबर मदतनीस भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला. त्या दरानं वर्षाचे एक्याऐंशी हजार. म्हणजे तयार झालेल्या कुत्र्याच्या वार्षिक खर्चापेक्षा थोडासा जास्त. एवढ्या पैशांत चोवीस तासांचा मदतनीस अंबरनाथमध्ये सोडाच, वांगणीपलीकडेही मिळणार नाही. सरकारलाही ते ठाऊक असणार. तरी हा भत्ता पुरतो, कारण घरात बायको असते, आई असते. रात्री दोन वाजता उठवायचं काम तीच करते, पडलेली किल्ली तीच उचलते, औषधाची वेळ तीच पाळते, आणि तिच्या तासांचा दर शून्य आहे. आपल्याकडे सेवा-श्वान महाग वाटतो तो या शून्याशी ताडून पाहिल्यामुळे. अमेरिकन संस्था चाळीस लाख म्हणते तेव्हा ती कुणाचे तरी तास मोजत असते. आपण मोजत नाही, म्हणून आपला अपंग सैनिक आपल्याला स्वस्तात पडतो.

हे लिहिताना मला कुत्र्याची भलामण करायची नाही. मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला कूस बदलून द्यायला माणूसच लागतो, कुत्रा कितीही हुशार असला तरी. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं या विषयावर बरीच वर्षं घालवली. २०११ मध्ये टॅम्पाला सुरू केलेला पहिला अभ्यास दुसऱ्या वर्षी थांबवावा लागला. काही कुत्रे सैनिकांच्या मुलांना चावले होते, काही कुत्र्यांची तब्येतच धड नव्हती. पुन्हा नीट आखून केलेल्या अभ्यासात मानसिक आघाताचा त्रास असलेल्या १८१ माजी सैनिकांना कुत्रे दिले. काहींना शिकवलेले सेवा-श्वान, काहींना नुसते सोबतीचे, सालस कुत्रे. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला, सेवा-श्वान मिळालेल्यांचा थोडा जास्त कमी झाला. उपचारांवरच्या सरकारी खर्चात मात्र फरक पडला नाही. म्हणजे ‘आज कुत्र्यावर पैसे घाला, उद्या दवाखान्याचे वाचतील’ हा युक्तिवाद चालत नाही. माणूस रात्री झोपतो आणि बायकोही झोपते, एवढाच नफा. तो जमाखर्चात कुठल्या रकान्यात लिहायचा हा प्रश्नच आहे. तरीही २०२१च्या ऑगस्टमध्ये तिथे कायदा झाला आणि पाच ठिकाणी माजी सैनिकांनाच हाताशी धरून कुत्रे शिकवायचा पाच वर्षांचा प्रयोग मंजूर झाला. त्यात कुत्रा शिकवणं हाच उपचार धरला आहे: दुसऱ्या जिवाला धीर द्यायचा तर आधी स्वतःचा आवाज शांत ठेवावा लागतो.

आता आपल्याकडे काय आहे ते बघू. आपल्याकडे कुत्रा शिकवणारे नाहीत असं मुळीच नाही. मेरठला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोरचं केंद्र आहे, १९६०च्या सुमारापासून तिथे कुत्रे तयार होताहेत. २०१५ मध्ये तंगधारला घुसखोरांशी झालेल्या चकमकीत मानसी ही लॅब्रॅडॉर आणि तिचा हँडलर बशीर अहमद वार दोघेही पडले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अनंतनागला ‘झूम’ दोन गोळ्या लागूनही मागे फिरला नाही, आणि पुढे दवाखान्यात मरण पावला. आपल्या राज्याच्या सीमेलगतचा मुधोळ कुत्रा, ज्याला घोरपडे राजांनी वाढवलं आणि इंग्लंडच्या राजालाही भेट दिला, तोही २०१६ पासून मेरठला शिकायला गेला. मुधोळ पळण्यात पटाईत; सेवेच्या कामाला मात्र त्याचा स्वभाव जुळेल असं वाटत नाही. ससा दिसला की त्याला मालकाची आठवण राहत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर पुण्याला शिवाजीनगरला सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३ च्या मुंबई स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स आणि सहाशे डिटोनेटर हुंगून काढणारा ‘झंजीर’ तिथलाच. १६ नोव्हेंबर २००० ला तो गेला तेव्हा त्याला मानवंदना मिळाली. हे सगळं शिक्षण सरकारी पैशानं, उत्तम दर्जाचं, आणि शिकवणारे पुष्कळसे मराठी. त्यांतले काही निवृत्तीनंतर बदलापूर-कल्याणकडे घरोघरी जाऊन श्रीमंतांच्या कुत्र्यांना ‘बैस’ आणि ‘हात दे’ शिकवतात. ज्या माणसानं कुत्र्याला सुरुंगाचा वास शिकवला, तो आता बंगल्यातल्या पग जातीच्या कुत्र्याला चटईवर शू करायला शिकवतो. महिन्याला पाच-सहा हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत मिळतात, त्याबद्दल त्याची तक्रार नसते. पण वाया जाणं याहून वेगळं काय असतं?

कुत्र्याच्या निवृत्तीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. २०१५ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या उत्तरातून कळलं की, कामाला निरुपयोगी झालेल्या लष्करी कुत्र्यांना मारून टाकण्याची प्रथा होती. त्यावर गदारोळ झाला, कोर्टकचेरी झाली, आणि आता निवृत्त कुत्रे दत्तक दिले जातात. २६/११ च्या वेळी कामाला असलेले मुंबई पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात राहायला गेले आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले. निवृत्त कुत्रा माजी सैनिकाला द्या, दोघांचंही भागेल, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. ऐकायला गोड आहे. पण नऊ वर्षांच्या मॅलिनॉइस जातीच्या कुत्र्याला, ज्याला आयुष्यभर चावायला शिकवलं, दुःस्वप्नातून माणसाला उठवायला बसवणं म्हणजे निवृत्त मुष्टियोद्ध्याला बालवाडीत नेमणं. आणि तो दोन वर्षांत मरणार. आधीच पुष्कळ मरणं पाहिलेल्या माणसाला आणखी एक कशाला द्यायचं? सेवा-श्वान पिल्लापासूनच वाढवावा लागतो, त्यात आडमार्ग नाही.

गरज असलेली माणसं कुठे आहेत, हेही लपलेलं नाही. निदान ज्यांची जखम दिसते ती माणसं. पुण्याला १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला १९१७ साली स्थापन झालेलं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तिथेच १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली लुळे झालेले इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकचं सुवर्णपदक जिंकले, आणि त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. दिसणाऱ्या जखमेला आपल्याकडे उशिरा का होईना मान आहे. न दिसणाऱ्या जखमेला मेडिकल बोर्डापुढे उभं राहावं लागतं: हा आजार सेवेमुळे झाला की तुझ्या घराण्यातच होता? २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असं मुळात धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर. त्यानंतरही तेच खटले येत राहिले. ज्याला आजार आहे हेच मान्य व्हायला दहा वर्षं लागतात, त्यानं कुत्र्यासाठी अर्ज कुठल्या खिडकीवर करायचा?

समजा खिडकी उघडली आणि कुत्रा मिळालाही. बदलापूर पूर्वेहून त्या माणसाला कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात जायचंय. सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर, दीड तासाच्या आसपास. सकाळच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातही पाय ठेवायला जागा नसते. तिथे तीस किलोचा लॅब्रॅडॉर सीटखाली आडवा होणार कुठे? लांबच्या गाडीत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे राखा किंवा त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घाला. अंध प्रवाशाला वाटाड्या कुत्रा जवळ ठेवायची मुभा आहे, पण तीही वातानुकूलित पहिल्या वर्गात. पेन्शनीवर जगणारा हवालदार तिथे क्वचितच चढतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे बाकीचे कुत्रे. परदेशी पुस्तकांत हे प्रकरण सापडत नाही, कारण तिथे रस्त्यावर मोकाट कुत्रे नसतात. शहाड फाटक असो, अंबरनाथचा शिवमंदिर रस्ता असो की हेंद्रेपाडा, दर शंभर पावलांना एका टोळीची हद्द संपते आणि दुसरीची सुरू होते. पट्ट्यात बांधलेला अनोळखी कुत्रा दिसला की पाच-सहा जण भुंकत अंगावर येतात. सेवा-श्वानाला उलटून भुंकायचीही परवानगी नाही. एकदा चावा बसला की चांगला शिकवलेला कुत्राही कायमचा घाबरट होऊ शकतो, म्हणजे सव्वापाच लाख एका संध्याकाळी गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांबद्दल आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला. देशभर दोन तट पडले, आणि नगरपालिकांची नसबंदीची गाडी आपल्या गतीनं चालत राहिली. इथे सेवा-श्वान चालवायचा तर प्रशिक्षणाच्या खर्चात नगरपालिकेच्या नसबंदीचाही खर्च धरावा लागेल, हे मी विनोदानं म्हणत नाही. सोसायट्यांचं त्या मानानं सोपं आहे. पाळीव कुत्र्याला इमारतीत बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ च्या सूचनांमध्ये लिहून ठेवलंय. सेक्रेटरीसाहेबांना तो कागद दाखवायचा, ते वाचत नाहीत, मग पुन्हा दाखवायचा.

एवढं सगळं धरून दहा जोड्यांचा एक प्रयोग करायचा म्हटला तर सुमारे बावन्न लाख लागतील, आणि नंतर वर्षाला सात लाख. ध्वजदिनाला, सात डिसेंबरला, शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून जो निधी गोळा होतो, तो माजी सैनिकांच्या कल्याणासाठीच असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याला आहे. शिकवणारे निवृत्त हँडलर याच पट्ट्यात आहेत, आणि त्यांना जागा द्यायची तर सर्वांत योग्य खडकी, कारण तिथे ज्यांना कुत्रा हवा ती माणसं आणि त्यांची भाषा कळणारे डॉक्टर एकाच आवारात आहेत. बदलापूरनं पहिल्या वर्षाची घरं द्यावीत. ऐंशी रुपये तासानं पैसे मिळणार असतील तर इथल्या कितीतरी बायका हे काम आनंदानं आणि ट्रेनरपेक्षा जास्त चिकाटीनं करतील. दिवसभर लोकलनं मुंबईला जाऊन येण्यापेक्षा पिल्लाला गांधी चौकातून फिरवून आणणं सोपं.

दहा कुत्रे हवेत तर पिल्लं वीस आणावी लागतील. उरलेली दहा नापास होणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावं, नाहीतर लेखापरीक्षक ‘दहा श्वान अनुपयोगी, वसुली करावी’ असा शेरा मारील. त्यांची काळजी करण्याचं कारण नाही. दीड वर्षाचा, सगळ्या लसी झालेला, फटाक्यांना न घाबरणारा, लिफ्टमध्ये शहाण्यासारखा उभा राहणारा आणि फुकट मिळणारा लॅब्रॅडॉर म्हटल्यावर कुळगावपासून वांगणीपर्यंत रांग लागेल, आणि रांगेत सर्वांत पुढे सोसायटीचे सेक्रेटरी असतील.